कापलेले पट्टे

मामांचा धंदा लोकांच्या वाईट दिवसावर चालायचा. कुणाची गाडी भर रस्त्यात बंद पडली, कुणाची नाल्यात उतरली, कुणी कुणाला ठोकलं, की यार्डातून मामांना फोन जायचा. ते क्रेन घेऊन जायचे, गाडीला हूक लावायचे आणि ओढत यार्डात आणायचे. याला टोचन म्हणतात, म्हणून ते टोचनमामा. खरं नाव आता फक्त लायसनवर उरलं होतं.

अंगाने आडवे, बोलायला कमी, आणि चेहरा असा की समोरच्याला वाटावं, याचं घरी काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नसायचं. रडणाऱ्या, भांडणाऱ्या, हादरलेल्या माणसांच्या घोळक्यात इतकी वर्षं उभं राहून त्यांनी चेहरा बंद ठेवायची सवय करून घेतली होती. "गाडीकडे बघायचं, माणसाकडे नाही," असं ते यार्डातल्या नव्या ड्रायव्हरांना सांगायचे. "माणसाकडे बघत बसलात की हूक भलतीकडेच लागतो."

त्यांची बायको अगदी उलट. त्या पाळणाघरात कामाला होत्या आणि सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणायची. नवरा मामा आणि बायको मावशी, म्हणजे नात्याने दोघं बहीण-भाऊच झाले की, हा विनोद वस्तीतल्या प्रत्येकाने तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय अशा थाटात त्यांना ऐकवला होता. मामा दरवेळी "हं" म्हणायचे. मावशी दरवेळी नव्याने हसायच्या.

मावशींच्या हाताला गुण होता. कुणालाही न आटोपणारं पोर त्यांच्या खांद्यावर गेलं की दोन उचक्या देऊन गप्प व्हायचं. एक कडेवर, एक मांडीवर आणि तिसरं पायांच्या पाळण्यात, अशा अवस्थेत त्या चहासुद्धा प्यायच्या. "माझ्या हातून आजवर एक पोर पडलेलं नाही," हे त्या अभिमानाने सांगायच्या, आणि ते खरंच होतं.

त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. जावई चष्म्याच्या काचा घासून द्यायच्या कामात होता. काच जराशी जास्त घासली गेली तर टाकूनच द्यावी लागते, त्यामुळे माणूस स्वभावानेही तसाच झालेला. सगळं मोजूनमापून. नवीन वस्तू आणली की तिच्याबरोबर आलेली माहितीपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा मामांनी पाहिलेला हा एकमेव माणूस.

या दोघांना मुलगी झाली. ती कुणाकडेही पटकन हसायची नाही. भुवया आक्रसून समोरच्याला आधी वरपासून खालपर्यंत निरखायची, जणू दिलेलं काम याने अजून केलेलं नाही. मामा तिला मॅनेजर म्हणायचे. यार्डातून आले की हात धुऊन तिच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "आलो मॅडम. उशीर झाला." मॅनेजर त्यांचं बोट धरायची आणि सोडायची नाही. मामांचा बंद चेहरा उघडायची तेवढीच एक जागा होती.

मॅनेजर जन्मली तेव्हाच जावयाने गाडीसाठी लहान मुलांची सीट आणली. मागच्या बाकावर, गाडीच्याच पट्ट्याने करकचून बांधलेली, आणि तोंड मागे केलेली. मावशींना ती सीट पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली.

"अरे, पोरीचं तोंड मागे कशाला? तिला ना रस्ता दिसत, ना माणूस दिसत. नुसतं बाकाचं कापड बघत बसायचं?"

"आई, गाडी एकदम थांबली की आतलं सगळं पुढे फेकलं जातं," जावई समजावत म्हणाला. "हिचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. तोंड मागे असलं की धक्का सीटच्या पाठीवर जातो, मानेवर येत नाही."

"आणि हे खांद्यावरचे पट्टे? वासरू बांधल्यासारखं!"

"पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला तर ढिला आहे. आला नाही म्हणजे बरोबर."

"आम्ही आमची पोर मांडीवर वाढवली बाबा," मावशी म्हणाल्या आणि मामांकडे बघितलं. "हो की नाही हो?"

मामा पेपर वाचत होते. त्यांनी अशा सीटा खूप पाहिल्या होत्या. चेपलेल्या गाड्यांत धडधाकट राहिलेल्याही पाहिल्या होत्या, आणि सीटच नसलेल्या गाड्याही ओढून आणल्या होत्या. पण घरी आल्यावर यार्डाचं बोलायचं नाही, हा त्यांनी स्वतःलाच घालून घेतलेला नियम. ते "हं" म्हणाले. ते ‘हं’ कुणाच्या बाजूचं होतं ते कुणालाच कळलं नाही.

मॅनेजर वर्षाची व्हायला आली होती तेव्हाची गोष्ट. तिला लस टोचून आणायची होती. जावई गाडी चालवत होता, मुलगी पुढे बसली होती, मावशी मागे नातीच्या शेजारी. तिघांनीही पट्टे लावलेले. जाताना सगळं ठीक होतं. येताना मात्र दंड दुखत असल्याने पोरीने जे भोकाड पसरलं ते थांबेचना. मावशींनी खुळखुळा वाजवून पाहिला, तोंडाने आवाज काढून पाहिले. पोर रडून रडून लाल झाली. शेवटी मावशींना राहवलं नाही. घर आलंच होतं. त्यांनी सीटचे पट्टे सोडले आणि तिला उचलून छातीशी घेतलं.

मुलीने आरशात पाहिलं. "आई, नको," ती म्हणाली.

"अगं, आलंच की आता घर. लेकरू रडून रडून उलटी करेल."

पोर मावशींच्या खांद्यावर गेली आणि दोन उचक्या देऊन गप्प झाली. गाडीत एकदम शांत झालं. मुलगी पुन्हा रस्त्याकडे बघू लागली. जावयाने मान किंचित मागे वळवली. तो गाडी बाजूला घेणारच होता, असं त्याने नंतर सांगितलं.

पुलाच्या पायथ्याशी पुढचा मालट्रक अचानक थांबला. जावयाने ब्रेक दाबला, पण गाडी त्याच्यावर आदळलीच. फार जोरात नाही. बघणाऱ्यांना नुसता बॉनेटचा चुरा दिसला. अशा गाड्या मामा आठवड्याला कितीतरी आणत असत.

यार्डातून मामांना फोन गेला. "पुलाखाली पांढरी गाडी आहे. रस्ता अडलाय, पटकन उचला."

मामा पोचले तेव्हा माणसांना हॉस्पिटलमध्ये नेलेलं होतं. काचांचा खच, त्यावर कुणीतरी टाकलेली माती, आणि आपापल्या गाड्यांतून माना बाहेर काढून बघणारे लोक. मामांनी नेहमीसारखी आधी पुढची बाजू पाहिली. मग मागे गेले. मागच्या दारावर खालच्या कोपऱ्यात एक रंगाचा डाग होता, बाकीच्या रंगापेक्षा जरा फिका. तो डाग त्यांनीच मारला होता. जावयाची गाडी कुंपणाला घासली तेव्हा.

त्यांनी आत पाहिलं. मुलांची सीट जागच्या जागी घट्ट होती. तिच्यावर ओरखडाही नव्हता. खांद्याचे दोन्ही पट्टे मोकळे, दोन बाजूंना लोंबत होते.

वाहतूक पोलीस घाई करत होता. "उचला की, काय बघताय? कुणाची आहे ही, माहितीय का तुम्हाला?"

"माझी," मामा म्हणाले.

पोलिसाला काही कळलं नाही. मामांनी चाकांना ठोकळे लावले. हूक लावला. स्टिअरिंग बांधलं. साखळी ओढून पाहिली. सगळं क्रमाने, एकही गोष्ट न विसरता. नंतर मुलीने एकदा विचारलं होतं, "बाबा, तुम्ही गाडी तिथेच टाकून थेट हॉस्पिटलला का नाही आलात?" रस्ता मोकळा करायचा होता, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. गाडी यार्डात नेऊन लावली, यार्डाच्या मालकाच्या हातात किल्ली दिली आणि मग ते हॉस्पिटलला गेले.

तिथे सगळं संपलेलं होतं. जावई बाकावर बसला होता. मुलीच्या कपाळाला पट्टी होती आणि ती भिंतीकडे बघत होती. मावशींचा हात प्लास्टरमध्ये घालत होते. मनगटाजवळ हाड मोडलं होतं. मामांना पाहताच त्या म्हणाल्या, "अहो, मी सोडलं नव्हतं तिला. मी घट्ट धरलं होतं. गेलीच हातातून."

मामा त्यांच्याशेजारी उभे राहिले. डॉक्टर येऊन काहीतरी सांगून गेले. मामांना त्यातला ‘मान’ हा एकच शब्द ऐकू आला.

पुढचे दिवस मामांना नीट आठवत नाहीत. लोक येऊन बसायचे, उठून जायचे. कुणी म्हणायचं नशीब, कुणी त्या ट्रकवाल्याला शिव्या द्यायचं. मामा सगळ्यांना "हं" म्हणायचे. जेवण समोर आलं की जेवायचे. अंथरुणावर पडलं की झोप लागायची, आणि झोप कशी लागते याची त्यांना लाज वाटायची. तीही थोडे दिवस. मग तीही वाटेनाशी झाली. दाढ काढताना हिरडी बधिर करतात, तसं सगळं अंग झालं होतं. आत काहीतरी चाललंय एवढं समजायचं, दुखायचं मात्र काही नाही.

ते लवकरच कामावर गेले. लोकांना ते कठोर वाटलं. मावशींनी मात्र पाळणाघर सोडलं. प्लास्टर निघाल्यावरही त्या तो हात पोटाशी धरून बसायच्या. शेजारची बाई आपलं बाळ घेऊन आली की मावशी उठून आत जायच्या.

मुलगी माहेरी येईनाशी झाली. भांडण झालं नव्हतं. एक शब्दही झाला नव्हता. ती फक्त यायची नाही. वडिलांना फोन करायची, तब्येत विचारायची. आईचं नाव निघालं की म्हणायची, "ठेवते बाबा, कामं पडलीयत."

एकदा जावई एकटा आला. मावशींसमोर खुर्ची ओढून बसला. बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"आई, तुम्ही सारखं म्हणता ना, घट्ट धरलं होतं म्हणून. ते खरं आहे. पण तशा धक्क्यात कुणालाच धरता आलं नसतं. मला नाही, मामांना नाही, कुठल्या पहिलवानालाही नाही. हातांचा दोष नाही तुमच्या."

मावशी ऐकत होत्या. "मग दोष कशाचा?" त्यांनी विचारलं.

जावयाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि थोड्या वेळाने उठला. मावशींनी त्याला चहाचं विचारलं, तो नको म्हणाला. दार लावून मावशी आत गेल्या आणि आतून नळाचा आवाज येत राहिला. मामांनी उठून नळ बंद केला. मावशी मोरीच्या कट्ट्यावर नुसत्या बसल्या होत्या. मामा त्यांच्याजवळ बसले. दोघांपैकी कुणीच रडलं नाही.

ती पांढरी गाडी यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात बरेच महिने पडून होती. जावयाने ती पुन्हा पाहायलाही नकार दिला होता. मालकाने मग तिचे सुटे भाग काढायला सुरुवात केली. दिवे गेले, आरसे गेले. एके दिवशी मामा क्रेन लावून येतात तो ऑफिससमोर एक तरुण जोडपं उभं. बाईच्या कडेवर बाळ. मालकाच्या हातात ती सीट.

"अगदी नवीकोरी आहे बघा," मालक सांगत होता. "एक डाग दाखवा. कुणी वापरलीच नाही म्हणा ना."

मामा त्याच्याजवळ गेले. अपघातात अडकलेल्या माणसाचे पट्टे कापायला क्रेनवाले एक वाकड्या पात्याची सुरी ठेवतात, ती त्यांच्या खिशात होती. त्यांनी मालकाच्या हातातून सीट घेतली, जमिनीवर ठेवली, तिच्यावर गुडघा दाबला आणि दोन्ही खांद्यांचे पट्टे कापले. मग कमरेचे. मग पायांमधला.

"अहो मामा! डोकं फिरलंय का तुमचं?" मालक ओरडला.

"ही ठोकलेल्या गाडीतली आहे," मामा जोडप्याला म्हणाले. आवाज नेहमीचाच, टायरमध्ये हवा कमी आहे असं सांगावं तसा. "एकदा धक्का खाल्लेली सीट पुन्हा वापरायची नसते. आतून तडा गेलेला असला तर वरून दिसत नाही. पुढच्या वेळी ती धरेलच असं नाही."

"पण मूल तर वाचलं असेल ना हिच्यामुळे?" बाईने विचारलं. "इतकी चांगली दिसतेय."

मामा तिच्याकडे बघत राहिले. बाळ बाईच्या कानातलं ओढत होतं.

"सीटमध्ये मूल नव्हतं," ते म्हणाले. "नवीन घ्या. आणि आज घरी जाताना बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसू नका."

नवऱ्याला राग आला. आमचं आम्ही बघून घेऊ, असं काहीसं बोलून तो बायकोला घेऊन निघाला. फाटकाशी मात्र दोघं थांबली. तिथे त्यांची काहीतरी बोलाचाली झाली. मग बाई बाळाला घेऊन बसस्टॉपच्या दिशेने चालू लागली आणि नवरा एकटाच गाडीत बसला.

मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला गाडी कुणाची ते माहीत होतं, पण सीट म्हणजे त्याच्या लेखी आरशासारखाच एक सुटा भाग. मामांनी पट्टे कापले तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो नंतर येऊन म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही हो." मामा म्हणाले, "हं." त्या दिवसापासून यार्डात ठोकलेली गाडी आली आणि तिच्यात मुलांची सीट असली की मामा आधी तिचे पट्टे कापायचे, मग पावती करायचे. कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांना स्वतःला त्यात काही बरं वाटायचं का? नाही. वाईटही वाटायचं नाही. हूक काढण्यासारखंच ते एक काम झालं.

असा बराच काळ गेला. मग एके संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला पुन्हा दिवस गेलेत हे मामांना जावयाकडून कळलं होतं, पण तिने स्वतः कधी विषय काढला नव्हता.

"बाबा, नवीन गाडीत सीट बसवायचीय. हे दोनदा बसवून बघतायत आणि दोनदा काढतायत. तुम्ही याल?"

मामा गेले. जावई मागच्या बाकावर गुडघ्यांवर बसला होता, माहितीपत्रिका दातांत धरून. दोघांनी मिळून ती सीट बसवली. मामांनी आपलं सगळं वजन तिच्यावर टाकलं तेव्हा जावयाने पट्टा ओढला. मग मामांनी ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. जावयाने तरी स्वतः हलवून पाहिली. मग खाली उतरला आणि गाडीला टेकून उभा राहिला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. "हॉस्पिटलमधून सोडतील त्या दिवशी आईला पण आणा," ती म्हणाली.

मुलगा झाला. सोडायच्या दिवशी मामा आणि मावशी हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये उभे होते. मावशींनी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली आणि सगळ्या नर्सा करतात तसं तिने ते थेट आजीच्या पुढे धरलं.

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी नाही," त्या म्हणाल्या.

नर्स गोंधळली. मुलगी चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिने आईकडे पाहिलं. दोघींनी एकमेकींकडे सरळ पाहिलं त्याला किती काळ लोटला होता कोण जाणे.

"घे," मुलगी म्हणाली. "गाडीपर्यंत."

मावशींनी हात पुढे केले. पोर्चपासून गाडीपर्यंत चार पावलांचं अंतर, पण त्या अशा चालल्या की जणू जमीन ओली आहे. बाळ सीटमध्ये ठेवलं. मुलगी पट्टे लावायला वाकली.

"दुपटं काढ आधी," मावशी हळूच म्हणाल्या. "जाड आहे. पट्टा वरून घट्ट वाटेल आणि आत ढिलाच राहील. पट्टे लावून झाले की वरून पांघर."

मुलगी थांबली. हे आईला कुणी सांगितलं, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. तिने दुपटं काढलं, पट्टे लावले, ओढले. मावशींनी खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरला गेला. "ढिला आहे," त्या म्हणाल्या. मुलीने आणखी ओढला. पुन्हा चिमटी. या वेळी बोटं पट्ट्यावरून घसरली. मावशींनी मान हलवली आणि बाळावर दुपटं पांघरलं.

मामा पुढे बसले, मुलगी आणि मावशी मागे, मधे बाळ. गाडी निघाली. बाजाराचा चौक ओलांडला आणि बाळ रडायला लागलं. आधी कुरकुर, मग चांगलंच टिपेला.

कुणीही हललं नाही. मावशींनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते. जावयाच्या मानेवर घाम आला होता. मामांनी समोर बघत शांतपणे सांगितलं, "पुढे पेट्रोल पंप आहे. तिथे घे गाडी बाजूला."

जावयाने पंपाच्या कडेला गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग मुलीने पट्टे सोडले आणि बाळाला पाजायला घेतलं. जावई खाली उतरून गाडीभोवती फेऱ्या मारू लागला. पंपावरचा माणूस काचेशी येऊन विचारून गेला, "तेल भरायचंय का?" मामांनी नाही म्हणून मान हलवली. बाळाचं पोट भरलं तेव्हा मुलीने ते आईच्या खांद्यावर दिलं. काही न बोलता, पाणी पुढे करावं तसं. मावशींनी पाठ थोपटली. बाळाने ढेकर दिला. मावशींनी ते परत सीटमध्ये ठेवलं. मुलीने पट्टे लावले. मावशींनी चिमटी घेऊन पाहिली.

"चला," मुलगी म्हणाली.

घरी पोचल्यावर बाळ झोपलेलंच होतं. मुलगी त्याच्याशेजारी आडवी झाली. मावशी स्वयंपाकघरात शिरल्या आणि कुठला डबा कुठे आहे हे मुलीला विचारू लागल्या. मुलगी आतूनच उत्तरं देत होती. बोलणं एवढंच होतं, साखरेचं आणि डब्यांचं. त्यात कुणी कुणाला माफ केलं असं मामांना वाटलं नाही, आणि तसं काही व्हायला हवं असंही त्यांना वाटलं नाही. जावई गाडी पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

मामा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. खिडकीतून ऊन पायांवर येत होतं. पाय तापायला लागले तेव्हा त्यांनी खुर्ची सरकवावी असा विचार केला, पण सरकवली नाही. ऊन लागतंय, हे बऱ्याच दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं होतं. ते तसेच बसून राहिले.